वेलीची शिदोरी काडीत असते, बाटलीत नाही

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदार दादांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "थॉमसन द्राक्षाची दोन एकर बाग, वय नऊ वर्षं. मागच्या हंगामात गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरातली, फळासाठीची) तिसऱ्या आठवड्यात निम्मे घड जिरले, बाळ्या (नुसते वेलतंतू) झाल्या. दुकानदार म्हणतो, वेलीत एनर्जी कमी पडली. यंदा आत्तापासून एटीपी वाढवणारं टॉनिक चालू करा आणि ०:५२:३४ या खताचे चार फवारे जास्त घ्या. मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिच्या पुस्तकातही पेशीची ऊर्जा एटीपीत असते असंच दिलंय. मग वेलीत हा एटीपी साठतो कुठे आणि वाढवायचा कसा?" शेवटी जाता जाता त्यांनी दोन गोष्टी लिहिल्यात. गेल्या वर्षी माल मार्चअखेर गेला आणि आठ दिवसांत खरड छाटणी (एप्रिलची, नव्या काड्यांसाठीची) उरकली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डाऊनी रोगानं बरीच पानं गेली.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच त्या शेवटच्या दोन ओळींत देऊन ठेवलंय. पण दुकानदाराचं शास्त्र अर्धं बरोबर आहे आणि अर्धं बरोबर असलेलं शास्त्रच जास्त महागात पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तेवीस वर्षं नाशिकच्या चारी बाजूंच्या बागा बघतोय. लोक 'डॉक्टर' म्हणतात, पण माझं निम्मं काम लिहून दिलेली औषधं कमी करण्याचं असतं.

पहिली गोष्ट: एटीपी साठत नाही. कुठेच नाही. वेलीत नाही, बैलात नाही, तुमच्या-माझ्यात नाही. १९२९ साली कार्ल लोमान यांनी आणि त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हा रेणू वेगळा ओळखला. मुलीला हे शेवटचं नाव जरूर सांगा, पुस्तकात बहुतेक नसेल. पेशीतलं जवळजवळ प्रत्येक काम त्याच्यावर चालतं हे खरं. पण तो साठा नाही, तो फेऱ्या मारणारा क्रेट आहे.

काढणीच्या दिवशी तुमच्या बागेत काय होतं ते आठवा. भरलेले क्रेट बांधावरून शेडकडे जातात, रिकामे परत येतात. दिवसभरात टनांनी माल जातो, पण क्रेट तेच शंभर-दीडशे. भरलेला क्रेट म्हणजे एटीपी, रिकामा म्हणजे एडीपी. फॉस्फेटचा एक तुकडा चढला की भरला, उतरला की रिकामा. माणसाच्या स्नायूत एका वेळी असलेला एटीपी जोराच्या कामाला काही सेकंदच पुरतो. आपण चालतो ते तो सतत पुन्हा भरला जातो म्हणून. वर्षभराचा माल कुणी क्रेटमध्ये ठेवत नाही.

ठेवायचा म्हटला तर काय होईल याचा हिशेब मी एकदा वहीवर मांडला होता. १८० ग्रॅम ग्लुकोज पेशीनं पूर्ण वापरलं तर ढोबळमानानं एका रेणूमागे ३० ते ३२ एटीपी भरले जातात. आता एटीपीचा रेणू ग्लुकोजच्या जवळजवळ तिप्पट जड. म्हणजे चहाच्या पंधरा-वीस कपांत जाईल एवढ्या साखरेचं काम एटीपीच्या रूपात साठवायचं तर १५ किलो एटीपी लागेल. कुठलाही जीव हा मूर्खपणा करत नाही. क्रेट थोडे, माल वेगळ्या ठिकाणी.

आणखी एक घोळ इथेच मिटवतो, कारण मुलीच्या परीक्षेलाही उपयोगी आहे. 'बंधात ऊर्जा साठलेली असते, बंध तुटला की ती बाहेर पडते' असं सरसकट सांगितलं जातं. बंध तोडायला उलट ऊर्जा लागते. छाटलेली काडी मोडली म्हणून तापते का? पेटवली की तापते. म्हणजे तिच्यातले कार्बन आणि हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी नव्यानं जोडले जातात, ते नवे बंध जास्त पक्के असतात, आणि फरकाची ऊर्जा उष्णता म्हणून मिळते. वेलही साखर तशीच जाळते, फक्त एकदम नाही. पायरीपायरीनं जाळते आणि प्रत्येक पायरीवर जमेल तेवढे क्रेट भरून घेते. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन जाते.

मग माल ठेवतो कुठे? वेलीच्या बाबतीत मुख्यतः स्टार्चमध्ये. पानात उन्हाच्या जोरावर हवेतला कार्बन डायऑक्साईड आणि मुळांकडून आलेलं पाणी यांची साखर होते. ती सुक्रोज बनून, म्हणजे आपल्या चहातलीच साखर बनून, सालीच्या आतल्या नळ्यांतून खाली उतरते. काडीत, ओलांड्यात (खोडाच्या आडव्या फांदीत), खोडात, मुळात पोचली की तिचं ग्लुकोज करून त्याची लांब साखळी ओवली जाते. सरळ साखळी ती अमायलोज, फांद्या फुटलेली ती अमायलोपेक्टिन. दोन्ही मिळून स्टार्च.

साखर साखर म्हणूनच का ठेवत नाही? कारण साखर विरघळते आणि पाणी ओढते. हे द्राक्षवाल्याला शिकवायची गरज नाही. मण्यात पाणी उतरल्यावर वेल साखर तिथे विरघळलेल्या रूपातच भरते, सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करून. म्हणून तर आपण रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, बघू शकतो. आणि म्हणूनच फेब्रुवारीत अवकाळी आला की मणी तडकतात. आत दाट साखर, बाहेर पाणी, मध्ये ताणलेली साल. मण्याला हे परवडतं, कारण पाखरांनी खावं, बी लांब जावं यासाठीच तो गोड होतो. खोडाला परवडणार नाही. तिथे महिनोन् महिने मुकाट्यानं पडून राहणारा, पाण्याला न ओढणारा दाणा हवा. स्टार्चचा दाणा तसाच असतो.

यावरून एक आडवळण. कच्चं केळं घरात पिकतं, कारण त्यात स्टार्च असतो आणि त्याची साखर नंतर होते. द्राक्षाच्या मण्यात असा स्टार्चचा साठाच नाही. वेलीवरून तोडलं त्या क्षणी जेवढी साखर आली तेवढीच. आंबट तोडलेला माल पेटीत ठेवून गोड होईल अशी आशा धरणारे व्यापारी मी पाहिलेत, मणी सुकल्यावर दोन दिवस खूश होतात.

चरबीचं थोडक्यात सांगतो. ग्रॅमला साखर-स्टार्च साधारण ४ किलोकॅलरी देतात, चरबी ९. शिवाय चरबी पाणी धरत नाही. प्राण्यांचा स्टार्च म्हणजे ग्लायकोजेन, तो ग्रॅममागे जवळजवळ ३ ग्रॅम पाणी धरून बसतो. १० किलो चरबीतली ऊर्जा ग्लायकोजेनमध्ये ठेवायची तर पाण्यासकट ९० किलोचं गाठोडं घेऊन फिरावं लागेल. म्हणून ज्याला हलायचंय तो चरबी साठवतो, पोट सुटलेल्यांनी हे समाधान मानून घ्यावं. यकृत आणि स्नायूंत ग्लायकोजेन मिळून अर्ध्या किलोच्या आसपासच असतं, झटपट खर्चासाठी. वेल एका जागी उभी, तिला वजनाची काळजी नाही, तिला स्टार्च पुरतो. पण तिचं बी मात्र लांब जायचं असतं. म्हणून बियांच्या द्राक्षाच्या बीत तेल असतं, ज्याचं ग्रेपसीड ऑईल विकतात.

आता बागेत येऊ. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मोहाडीजवळच्या एका बागेत मालकाला पटतच नव्हतं की साठा काडीत असतो. मी एकाच वेलीच्या दोन काड्या घेतल्या. एक मोकळी, उन्हातली, बोटभर अंतरावर पेरं, तांबूस पिकलेली. दुसरी मंडपाच्या गर्दीतली, लांब पेऱ्यांची, खालून पिकलेली पण वर हिरवट. धारदार कात्रीनं दोन्ही आडव्या कापल्या आणि कापल्या जागी मेडिकलमधून आणलेलं टिंक्चर आयोडीन पाणी घालून थेंब-थेंब सोडलं. स्टार्च असेल तिथे ते काळं-निळं पडतं. मिनिटाभरात पहिल्या काडीवर मधल्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या काळ्या-निळ्या रेषा उमटल्या, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. लाकडातल्या त्या आऱ्यांच्या पेशींतच स्टार्च भरलेला असतो. दुसरी काडी आयोडीनच्याच रंगाची, तपकिरी-पिवळी राहिली. गाभा मोठा, भुसभुशीत, आरे पुसट. मालक बराच वेळ दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे निम्म्या काड्या उपाशीच आहेत की."

गोडी छाटणीनंतर नेमकं हेच आडवं येतं. आपण पानं काढतो, काडी कापतो, डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या कळ्यांना, हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग करतो, ते चोपडतो. त्या क्षणी वेलीवर एकही कमावतं पान नसतं. डोळे फुगतात, पोंगा येतो, पानं उलगडतात, घड दिसतो, मुळी चालायला लागते, हे सगळं मागच्या कमाईवर. नवं पान स्वतः निम्म्याच्या आसपास वाढेपर्यंत देणारं नसतं, घेणारं असतं. पहिले दोन-तीन आठवडे काडी-खोड-मुळातला स्टार्च फोडून त्याची साखर करून वर पाठवायची आणि तिथे एटीपीचे क्रेट भरायचे, असा कारभार चालतो. पेस्टिंगनं डोळे जागे होतात, त्यांच्या हातात भाकरी येत नाही. साठा अपुरा असला की वेल आधी शेंडा वाचवते, घड सोडते. घड आणि बाळी मुळात एकाच कुळातले, उपासमारीत घडाची बाळी होते. आपण म्हणतो जिरला.

तुमच्या बागेचा साठा कुठे गेला ते बघा. माल मार्चअखेरपर्यंत लटकला, तोपर्यंत पानांची सगळी कमाई मण्यांत. एकरी १० टन माल १८ ब्रिक्सला गेला तर दीड टनाच्या वर साखर तुम्ही क्रेटमधून (प्लास्टिकच्या) बागेबाहेर पाठवली. काढणीनंतर पानं महिनाभर हिरवी राहिली असती तर ती कमाई मुळांत गेली असती, पण आठ दिवसांत खरड छाटणी झाली. म्हणजे एप्रिलची फूट कमी शिदोरीवर निघाली. तरी मे-जूनच्या उन्हानं सांभाळलं असतं, तर ऑगस्टात डाऊनीनं पानं खाल्ली. आणि ऑगस्ट-सप्टेंबर हेच काडी पिकण्याचे, स्टार्च भरण्याचे दिवस. ऑक्टोबरला वेल दोन वेळची उपाशी होती.

मात्र सगळं खापर साठ्यावर फोडणार नाही. घड कमी दिसण्याची दोन वेगळी दुखणी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, डोळ्यात घड तयारच न होणं. ते खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत ठरतं, तेव्हा ऊन कमी पडलं, नत्र-पाण्यानं शेंडा पळत राहिला, गर्दी झाली की घड कमी धरतात. दुसरं, तयार झालेला घड फुटल्यावर जिरणं. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात जिरले म्हणता, म्हणजे घड होते. त्यातही ढगाळ आठवडा, थंडी, जास्तीचं नत्र किंवा जमीन वाफशावर नसल्यानं बसलेली मुळी, हेही कारण असू शकतं. छाटणीच्या आधी डोळे तपासून घेतले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अहवाल असेल तर शोधा.

त्या अहवालावरून मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय. दहा-बारा वर्षं झाली, निफाडकडची बाग होती. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे उत्तम, घड भरपूर. मी बेधडक सांगितलं, सगळ्या काड्या ठेवा, माल धरा. पानं महिनाभर आधी करप्यानं गेली होती, ते मला माहीत होतं आणि मी मनावर घेतलं नाही. घड आले, मोजून आले, आणि विसाव्या दिवसापर्यंत डोळ्यांदेखत वळून बाळ्या झाल्या. तपासणीनं घड किती आहेत ते सांगितलं होतं, त्यांना पोसायला घरात किती आहे ते नाही. त्या माणसानं मला शब्दानंही दोष दिला नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून डोळे तपासायला ज्या काड्या पाठवतो, त्यांच्याच शेजारच्या दोन-तीन आयोडीनखाली बघतो.

आता टॉनिकचं. बाटलीत खरोखर एटीपी असेल असं धरलं, तरी तो मोठा, भारित रेणू. पानावर मारला म्हणून पेशीच्या आत जसाच्या तसा जात नाही. पेशी आपले क्रेट आपणच भरते. ०:५२:३४ ची गोष्ट वेगळी. त्यात स्फुरद आणि पालाश आहे, आणि एटीपीला फॉस्फेट लागतो हे खरंच. पण फॉस्फेट म्हणजे क्रेटचं प्लास्टिक. मळ्यात मालच नसेल तर दोनशे क्रेट जास्त आणून काय करणार? पालाशचा उपयोग साखर पानातून बाहेर वाहण्याला होतो, म्हणून काडी पक्वतेच्या काळात एक-दोन फवारे मीही देतो. पण जास्तीचे चार फवारे घ्यायचे की नाही हे पानदेठ परीक्षण सांगेल, दुकानदार नाही. स्फुरद-पालाश आधीच पुरेसे असतील तर ते पैसे डाऊनीच्या औषधाला ठेवा. खत हे वेलीचं अन्न नाही, अन्न ती स्वतः हवेतून करते. खत तिच्या चुलीची दुरुस्ती आहे.

आता ऑगस्ट चालू आहे, म्हणजे यंदाची शिदोरी अजून तुमच्या हातात आहे. उरलेल्या दिवसांत पान वाचवणं याच्याइतकं दुसरं काहीच मोलाचं नाही. डाऊनी, करपा, तांबेरा, भुरी, जे येईल ते पानावर थांबवा. हिरवं, स्वच्छ, उन्हात असलेलं जुनं पान हेच तुमचं टॉनिक. बगलफुटी काढा आणि शेंडा थांबवा. नवी फूट बघायला छान दिसते, पण ती काही आठवडे खातीच असते, शिवाय खालच्या पानांवर सावली धरते. नत्र आता बंद. गर्दीतल्या काड्या बांधून मोकळ्या करा, अगदी बारीक आणि हिरव्या राहिलेल्या काढून टाका. स्टार्चचा साठा गप्प बसून राहतो असंही नाही, वेल रात्रंदिवस श्वास घेते आणि त्यातलंच खर्चते. कांदाचाळीत कांदा जसा न विकताही घटतो, तसं. म्हणून पानं गेल्यावर 'साठा आहे की' म्हणून निवांत राहू नका.

छाटणीची तारीख आयोडीन बघून ठरवा. बागेच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून दहा-बारा काड्या, पेन्सिलीएवढ्या जाड. बहुतेक काळ्या पडल्या तर नेहमीची तारीख धरा. निम्म्या फिक्या निघाल्या आणि पानं अजून चांगली असतील तर आठ-पंधरा दिवस थांबणं मला परवडणारं वाटतं. पानंच नसतील तर थांबून उपयोग नाही, तेव्हा काड्या कमी ठेवायच्या आणि घड दिसताच हिशेबानं काढायचे, जिरण्याची वाट न बघता. किती, हे तुमचं अंतर, खुंट आणि जमीन बघितल्याशिवाय सांगणं खोटं होईल. सटाण्याकडे आगाप छाटणीवाल्यांचा हिशेब आणखी वेगळा. त्यांना काडी भरायला दिवसच कमी मिळतात आणि बाजारभाव त्याची भरपाई करतो, म्हणून त्यांची तारीख बघून तुम्ही घाई करू नका. आणि पुढच्या वर्षी माल गेल्यावर तीन-चार आठवडे पाणी चालू ठेवा, पानं जगवा, मगच खरड छाटणी.

मुलीला एक काम द्या. तेच आयोडीन बटाट्याच्या, कच्च्या केळ्याच्या, पिकलेल्या केळ्याच्या, द्राक्षाच्या आणि कांद्याच्या फोडीवर टाकायला सांगा. नंतर फोडी टाकून द्यायच्या, खायच्या नाहीत. बटाटा काळा-निळा पडेल, कच्चं केळंही, पिकलेलं फारसं नाही, द्राक्ष नाही. कांदा एवढा भरलेला असूनही रंग बदलणार नाही. ती विचारेल, मग कांदा ऊर्जा कशात ठेवतो? त्याचा साठा साखरेत आणि फ्रुक्टन नावाच्या, फ्रुक्टोजच्या छोट्या साखळ्यांत असतो, आणि आयोडीनला ते दिसत नाहीत. काड्या कापाल तेव्हा उजेडात फोटो काढून पाठवा, कापल्यावर लगेच. वाळल्यावर रंग नीट कळत नाही.